आमच्या वन्संना बघायला पावणं आलं

गोठा असलेल्या घरात दोन गोष्टी रोज साठतात. एक शेण, दुसरे किस्से. शेणाच्या शेणी थापून भिंतीला लावता येतात. किस्स्यांचं काय करायचं? न सांगता ठेवले तर पोट फुगतं. आणि लग्नाला आठच महिने झालेल्या नव्या सुनेचं पोट फुगलं, की कसबा बावड्यात भलतीच चर्चा सुरू होते! म्हणून सांगूनच टाकते.

माझं माहेर शाहूवाडीकडचं. वडील शाळामास्तर. बाईनं कसं असावं याचे आमच्या घरी रीतसर धडे होते. हसू ओठांतच ठेवावं. चालताना पाऊल वाजू नये. बोललेलं शेजारच्या खोलीत जाऊ नये. सगळ्या विषयांत मी पहिल्या वर्गात पास!

सासरी पहिल्याच सकाळी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला गोठ्यात नेलं. तिथं दोन म्हशी, तुंगी आणि बिजली.

"मार हाक बिजलीला."

मी मारली. बिजलीनं कानसुद्धा हलवला नाही.

"वर बोल की गं!"

मी पुन्हा मारली. आत्याबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "ही हाक हाय का उसासा? घरात नवी सून आलीया, हे म्हशीला कळाय नगो?"

इतक्या वर्षांचा अभ्यास, आणि पहिल्याच पेपरात नापास!

*

घराला खरी काळजी माझ्या आवाजाची नव्हतीच. काळजी होती शालनवन्संच्या लग्नाची. वन्सं म्हणजे माझी नणंद. वय चोवीस, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, रंग काळा, आवाज पंचगंगेपलीकडं पोचणारा. येणाऱ्या प्रत्येक स्थळाला यातलं काही ना काही कमी करून हवं असायचं. यंदा जमलं नाही, तर भावकी एका चाळिशीच्या विधुराला होकार कळवणार होती.  वन्सं त्या दिवसांत पेंडेचं पोतं जरा जोरातच आपटायच्या.

आधी फोटो काढायचा ठरला. शहरातल्या स्टुडिओत मी सोबतीला गेले. उंची दिसू नये म्हणून फोटोग्राफरनं वन्संना खुर्चीत बसवलं आणि हातात टेलिफोन दिला. आमच्या अख्ख्या गल्लीत फोन नाही!

"हां, आता फोनवर बोलता बोलता लाजून हसा."

वन्सं म्हणाल्या, "पलीकडं कोण हाय, ते तरी सांगा!"

पुढं त्यानं ब्रश घेऊन फोटो असा काही गोरा केला, की तो बघून आठवड्यात पावणे हजर. वन्संनी पोहे दिले, चहा दिला, समोर बसल्या. पावण्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "चहा झक्कास! आता पोरीला बोलवा की."

*

शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाला उपाय सांगितला. "रोज पेलाभर सायीचं दूध तोंडाला चोळायचं. महिन्यात उजळती पोरगी."

आत्याबाईंनी त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली, आणि मग म्हणाल्या, "दूध तोंडाला चोळलं, तर डेरीला काय तोंड घालू?"

*

दुसरं स्थळ शहरातलं. मुलगा ऑफिसात. त्याच्या मामांना संशय, एवढी थोराड मुलगी नीट चालत असेल का?

"जरा चालून दाखवा, बाई."

वन्सं उठल्या. अंगण ओलांडून गोठ्यात गेल्या, पेंडेचं पोतं खांद्यावर घेऊन परत आल्या आणि मामांच्या पायाशी ठेवलं.

"आता तुमचा भाचा चालू दे."

भाचा चालला! सरळ दाराबाहेर गेला, तो परत काही आला नाही.

त्या रात्री भावकीतल्या एकानं मामंजींना सुनावलं, "पोरीला जरा वाकाय शिकवा." माझे सासरे जुने पैलवान, मिशांना पीळ. ते म्हणाले, "माझी पोरगी काय कापडाचा तागा हाय व्हय, मापात फाडून द्यायला?"

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. ती भाकरी जरा जास्तच मोठी झाली.

*

शेवटचं स्थळ शिरोळकडचं. मुलगा स्वतःच्या उसात ट्रॅक्टर चालवणारा. हे फिसकटलं, की विधुराला होकार!

आता आमच्या म्हशींची खोड सांगायला हवी. त्यांना आत्याबाईंची सवय. धार काढणाऱ्याच्या अंगावर आत्याबाईंचं लुगडं दिसलं नाही, तर दोघी पान्हा चोरतात. आणि नेमक्या आत्याबाई आठवड्यापूर्वी गोठ्यात घसरल्या, हात प्लॅस्टरमध्ये गेला. तेव्हापासून वन्सं आईचं लुगडं नेसून धार काढत होत्या.

त्या दिवशी मात्र काकूंनी वन्संना ताब्यात घेतलं. पावडर, अत्तर, करकरीत नायलॉनची साडी. वर ताकीद, "पावण्यांफुडं तोंडातनं शब्द काढायचा न्हाय!" तशाच त्या धारेला बसल्या. बिजलीनं एकदा वास घेतला आणि बादली लाथाडली. लहानपणापासूनची ओळख, पण अशा नटलेल्या वन्संना तिनं ओळखच दिली नाही!

वन्सं आत जाऊन बसल्या. आमचे हे कारखान्यात ड्यूटीवर, आणि मला अजून धार जमत नव्हती. शेवटी मामंजींनी धोतरावरून आत्याबाईंचं निळं लुगडं गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला आणि तुंगीखाली बसले.

आणि पावणे तासभर आधी आले!

मुलगा, त्याची आई आणि चुलता. चुलत्यानं अंगणातून हाक दिली, "ओ बाई! मालक हायत का घरात?"

बाईंनी मान वळवली. पदराखाली मिशा.

"मीच की! बसा पावणं, धार आटपतो."

चुलत्याचं तोंड उघडं ते उघडंच. आईनं पदर तोंडाला लावला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. मनात म्हटलं, गेलं हेही स्थळ!

मुलगा मात्र बघत होता बिजलीकडं. तिची कास तटतटलेली, ती सारखी हंबरत होती. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून आईच्या हातात दिलं. बाह्या वर केल्या. माझ्याकडं वळून म्हणाला, "वैनी, दुसरं लुगडं हाय काय?"

वळणीवर आत्याबाईंची दोन होती. एक लाल, एक हिरवं. माझा हात लालकडं गेला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पंचगंगेपलीकडं पोचणारा आवाज आला,

"हिरवं द्या, वैनी! लाल बिजलीला चालत न्हाय!"