मास्कमागचं बोलणं

सुनेनं संमोहनवाल्या डॉक्टरीणबाईचं नाव काढलं तेव्हा मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, "मला वेड लागलंय असं वाटतं का तुला?"

"वेड लागलं असतं तर चार घास खाल्ले तरी असते, बाबा."

जीभ अशीच आहे तिची. बायको जाऊन सहा महिने झाले होते, आणि मला ना झोप होती ना भूक.

सारी उमर सुरतेत, पांडेसऱ्यात कापडाच्या लूमवर गेली. त्या खडखडाटात कान जातात, म्हणून आम्ही लोक ओठ वाचतो. बायको त्याच शेडमध्ये बॉबिन भरायची. पलीकडच्या भिंतीजवळून ती "भाकर खादी का?" असं जेवणाचं विचारायची, आणि मला कळायचं. घरीही तसंच. तिचं बोलणं मी ऐकलं कमी, पाहिलं जास्त.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ती काहीतरी बोलली. दोनदा बोलली. प्लास्टिक वाफेनं पांढरं झालं होतं, ओठ दिसेनात. नर्सला म्हटलं, जरा काढा. ती नाही म्हणाली. मग बायको गेलीच.

दहाव्याला गावाकडचे सगळे विचारू लागले, शेवटी काय बोलली? मुलगा समोर बसलेला. मी बोलून गेलो, "पोराला जपा म्हणाली." तो लहान लेकरासारखा रडला. तेव्हापासून येईल त्याला तेच सांगतो. मी मात्र खोटं बोललो होतो.

लूमवरचा जुना जोडीदार म्हणाला, संमोहनात माणूस झोपतो आणि डोक्यातलं सगळं टेपसारखं वाजतं. त्यासाठी गेलो मी. सुनेच्या सांगण्यावरून नाही.

मला वाटलं होतं, बाई डोळ्यांपुढं लोलक हलवेल. तिथं नुसती एक खुर्ची. ती गुजराती, मी खानदेशी, दोघांचं हिंदी सारखंच वाईट.

"काका, तुम्ही झोपणार नाही. सगळं ऐकू येईल. नको वाटलं तर उठून जा. आता डोळे मिटा."

"डोळे मिटले तर ऐकू कसं येईल?"

ती हसली. मी ओठ वाचतो हे सांगितलं तशी म्हणाली, "उघडेच ठेवा मग. तसंही चालतं."

मी म्हटलं, "मला झोपबिप नको. मास्कमागं बायको काय बोलली, तेवढं काढून द्या."

"नाही निघणार, काका. जे दिसलंच नाही ते आत साठलेलं नसतं. मी खोदत बसले तर तुमचं मन काहीतरी बनवून देईल, आणि तुम्ही ते जन्मभर खरं धराल. झोपेसाठी मदत करीन. हे नाही करणार."

"येत नाही म्हणा की सरळ."

"येत नाही," ती म्हणाली.

मी उठलो. एवढी शिकलेली बाई आणि एक वाक्य काढता येत नाही, असं रस्ताभर पुटपुटत आलो. पण राग तिच्यावर नव्हता. बनवून द्यायला मला तिची गरज कुठं होती? ते काम मी दहाव्यालाच उरकलं होतं, आणि जन्मभर खरं धरणारा माझ्याच घरात होता.

मुलगा कामावरून आला तशी चप्पल काढायच्या आत दहाव्याचं ते खोटं त्याला सांगितलं.

"मंग माय काय बोलनी?"

"माहीत नाही. दिसलं नाही मला."

तो म्हणाला, "तेवढं एक माझ्याजवळ होतं. तेही नेलं तुम्ही."

"ते तिचं नव्हतंच. माझं होतं."

"मग तुमच्याजवळच ठेवायचं."

सून पुढं झाली, त्यानं तिला हातानं मागं सारलं.

चार दिवस झाले. मुलगा माझ्याशी बोलतो, पण तोंड भिंतीकडं करून. मला तसं कळत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मीही काय म्हणालास, असं विचारत नाही.