जखमेतले राखाडी कण

पोलिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी बंगळूरमधला एक जबाब मनातून जात नाही. साठच्या दशकाची सुरुवात होती. सकाळी कारखान्यांचे भोंगे झाले की रस्ताभर सायकलीच सायकली दिसत. मीही स्वेटर घालून सायकलवरच ठाण्यात जाई. मी बेळगावकडचा, घरात मराठी, ठाण्यात कन्नड.

एका दुपारी यशवंतपूरकडच्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकाने फिर्याद दिली. त्याच्याकडच्या फिटरने भांडणात टर्नरच्या तोंडावर हातोडा मारला होता. टर्नर इस्पितळात बेशुद्ध होता. फिटर साताऱ्याकडचा, कन्नड मोडकेतोडके. हेडकॉन्स्टेबलने विचारल्यावर तो एवढेच म्हणाला, "नन्निंद आयतु." माझ्यामुळे झालं. हेडसाहेबांनी कबुली लिहून घेतली. आदल्या आठवड्यात दोघांची बाचाबाची झाल्याचे साक्षीदारही होते. मलाही प्रकरण सरळ वाटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागदाची पुडी पाठवली. डोळ्याच्या जखमेतून काढलेले राखाडी, खरखरीत कण तिच्यात होते. सोबत निरोप: हातोड्याच्या जखमेत असे काही नसते.

आमच्या शेजारी एका कारखान्याचे फोरमन राहत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मी पुडी त्यांच्यापुढे धरली. कण बोटांत चोळून ते म्हणाले, "हा लोखंड घासायच्या ग्राइंडरच्या चाकाचा चुरा, साहेब. चाक फुटलंय. फुटलं तरी तुकडे उडू नयेत म्हणून त्यावर लोखंडी गार्ड असतो. तो होता का बघा."

पंच आणि अण्णांना घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेलो. ग्राइंडरवर गार्ड होता. पण अण्णांनी दाखवले: चाक कोरे होते आणि गार्डच्या मळक्या बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे. मागच्या भंगारात फुटक्या चाकाचे तुकडे सापडले. तिथेच पंचनामा केला.

परत येऊन फिटरला समोर बसवले, चहा मागवला आणि मराठीत विचारले, "तुमच्या हातून नेमकं काय झालं?"

मराठी कानावर पडताच त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"चाक मी बसवलं, साहेब. बसवायच्या आधी ते बोटावर टांगून लाकडी मुठीनं वाजवायचं असतं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत तडा. मालकांची घाई चाललेली. मी वाजवलंच नाही."

"आणि गार्ड?"

"घासायचा जॉब मोठा, गार्डच्या आत जाईना. मालकांनी काढायला लावला. नंतर त्यांनीच परत चढवला, चाकही बदललं."

"मग हातोडा मारला नाही, असं का नाही सांगितलंत?"

"हातोड्याचं मला कुणी विचारलंच नाही. तुझ्यामुळे झालं का, एवढंच विचारलं."

शुद्धीवर आल्यावर टर्नरनेही तेच सांगितले. त्याचा एक डोळा गेला. मालकावर पुढे खटला झाला, शिक्षाही झाली. टर्नरच्या जबाबानंतर फिटर सुटला, तो घरी न जाता थेट इस्पितळात गेला. मी तिथेच होतो.

"चाक मी वाजवलं नव्हतं," तो खाटेजवळ उभा राहून म्हणाला.

टर्नरने पाय आखडून खाटेवर जागा केली. मग म्हणाला, "गार्ड काढताना मी पण तिथंच होतो की. बस."

पुढच्या नोकरीत अनेक कबुल्या माझ्या टेबलावर आल्या. त्या वाचण्याआधी मी एक गोष्ट विचारून घेई: त्या माणसाला प्रश्न काय विचारला होता, आणि कोणत्या भाषेत.