कावळ्यासमोर दिलेला शब्द

बायकोच्या दहाव्याला कावळा शिवेना. नदीकाठी पिंड मांडून आम्ही सगळे मागे सरकून उभे होतो. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या पिंपळावर रांगेत बसलेले, खाली बघत होते, पण उतरायचं नाव नाही. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "बाईंची काही इच्छा राहिली असेल. आठवून बघा."

मग एकेकाचं सुरू झालं. मुलगी हात जोडून म्हणाली, "आई, बाबांकडे मी बघीन. तू काळजी करू नकोस." कावळा हलला नाही. मेव्हणा म्हणाला, "ताई, गावच्या जमिनीचं भांडण मी मिटवतो." त्यावर एक कावळा उडूनच गेला. मेव्हण्याला कावळेही ओळखतात. कोणी तरी श्रीखंडाची वाटी आणून ठेवली. तरी नाही. माझे पाय दुखायला लागले होते, आणि खरं सांगतो, राग आला होता. या बाईने आयुष्यभर रोज दुपारी आपल्या आधी कावळ्याला जेवायला घातलं, आणि आज हे तिच्या भाताला तोंड लावेनात. मी मोठ्याने म्हणालो, "बरं बाई, नेतो तुला मद्रासला. गाणं ऐकवतो, पानावर जेवायला घालतो, समुद्रावर नेतो. झालं?"

कावळा उतरला.

सगळ्यांनी हात जोडले. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, मद्रास कुठून आलं?"

आलं ते रास्ता पेठेतून. तिथे एका मद्राशी मामींकडे बायको बरीच वर्षं पोळ्या करायला जायची. मामी म्हणजे आमच्या नात्यातल्या नव्हेत, त्यांच्यात मोठ्या बाईला तसंच म्हणतात. मामी काम करताना गायच्या आणि जेवणाआधी खिडकीत कावळ्यासाठी भात ठेवायच्या. ही दोन्ही खुळं बायकोने शनिवार पेठेत, आमच्या दोन खोल्यांत आणली. भात पत्र्यावर जायचा, आणि कणीक मळताना एक मद्राशी चाल गुणगुणणं चालायचं. ती चाल तिला अर्धीच येत होती. एका जागी यायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून.

मामींनी तिला सांगून ठेवलं होतं, आमच्याकडे डिसेंबरात सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं असतं. गाण्याच्या हॉलच्या मागेच जेवणाची पंगत. अर्धे लोक गाण्याला येतात, अर्धे जेवायला, आणि कोण कशाला आलं ते कोणी विचारत नाही. हे शेवटचं बायकोला फार आवडायचं. म्हणायची, "अहो, आपल्याकडे गाण्याला गेलं की मान हलवत बसावं लागतं. तिथे नुसतं जेवलं तरी चालतं." त्यानंतर संध्याकाळी मरीनाच्या वाळूत बसून गरम चणे खायचे, इथपर्यंत तिचं सगळं ठरलेलं होतं. एकदा मुलीचं बाळंतपण आलं, एकदा तिचे गुडघे आले. राहून गेलं. त्याचं रडगाणं मी इथे लावणार नाही.

कावळ्याला भूक लागली म्हणून तो उतरला, असं मला पुढे पुष्कळांनी समजावलं. असेल. पण मी सगळ्या भावकीसमोर बोललो होतो. मी रिक्षावाला माणूस, सातवीपर्यंत शिकलेला. गिऱ्हाइकाला कधी थाप मारली असेल. मेलेल्या माणसाला मारणार नाही.

मुलगी हिंजवडीला असते. ती म्हणाली, "बाबा, विमानाने जा, मी मोबाईलवर सगळं बुक करते." मी म्हटलं, मला उतरल्यावर मराठी बोलणारं कोणी तरी लागेल. मग पेठेतल्या एका यात्रा कंपनीत नाव घातलं. दक्षिण भारत, मराठी जेवणासह.

त्या 'जेवणासह'चा अर्थ मला गाडीत बसल्यावर कळला. कंपनीचा आचारी शेगडी आणि भांडी घेऊन आमच्या पुढे धावत होता. मदुराईला देवळाजवळ कांदेपोहे. रामेश्वरला वरण, भात, तूप. कन्याकुमारीला मटकीची उसळ. बाहेर गल्लीत डोशाचा वास सुटलेला आणि आम्ही आत लिंबाची फोड मागतोय. कोथरूडच्या एक बाई रोज म्हणायच्या, "अगदी घरच्यासारखं हो!" शेवटी मी म्हणालो, "मग घरीच राहायचं होतं." त्या पुढे माझ्याशी बोलल्या नाहीत. तेवढाच फायदा.

माझं म्हणाल तर बायको गेल्यापासून मी ओट्याशी उभा राहूनच जेवत होतो. डबा येतो, झाकण काढायचं, चार घास खायचे, झाकण लावायचं. भूक मोडते. पोट भरलं असं म्हणता येत नाही.

एकट्या पुरुषांना कंपनी जोडीने खोली देते. माझ्या वाट्याला नारायण पेठेतले निवृत्त मास्तर आले. मी त्यांना सर म्हणायचो. माणूस सरळ, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीला लाल शाईने खूण करणारा. देवळाचं गोपुर बघून म्हणाले, "रंग जरा कमी चालला असता."

चेन्नई शेवटच्या दिवशी होती. सकाळी मयिलापूरचं देऊळ, मग दुपारभर साड्यांची खरेदी, मरीना बसमधून, आणि रात्रीची पुण्याची गाडी. आमच्या टूरवाल्या ताई माईकवरून सांगत होत्या. मी विचारलं, "मरीना बसमधून म्हणजे?"

"काका, डावीकडे बघायचं. दिसतो समुद्र."

"मी साड्यांना येत नाही. मला गाण्याला जायचंय, तिथेच जेवायचंय, आणि समुद्रावर उतरायचंय."

"अहो काका, असं एकट्याने नाही जाता येत. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर? आणि दुकान फार चांगलं आहे. घरी काही तरी न्या."

"कोणाला नेऊ?"

ताई हळूच म्हणाल्या, "चारला हॉटेलवर या. चारच्या पुढे बस थांबणार नाही."

देवळातून बाहेर पडलो तर मास्तर मागे चपला शोधत होते. "थांबा, मी येतो. तुम्ही हरवाल."

"पुण्यात उभा जन्म रिक्षा चालवली मी."

"हे पुणं नव्हे."

"ते कळलंच. इथे पत्ता विचारला की लोक पत्ता सांगतात."

मास्तर हसले. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

रिक्षा पिवळी होती, मीटरला फडकं बांधलेलं. ड्रायव्हरने आमच्याकडे बघून जे तोंड केलं ते मी लगेच ओळखलं. जवळचं भाडं नको असलं की मी लक्ष्मी रोडला हेच तोंड करायचो. मास्तर इंग्रजीत त्याला नियम सांगायला लागले. मी त्यांना बाजूला केलं, हँडल धरल्यासारखे हात केले, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "पुणे. रिक्षा. मी पण." त्याने मला खालून वरपर्यंत बघितलं. मग फडकं सोडलं नाही, पण मला पुढे आपल्या शेजारी बसवलं. सगळ्या रस्ताभर तो तमिळमध्ये आणि मी मराठीत सिग्नलला शिव्या घालत होतो. दोघांचंही एकमत होतं.

हॉलच्या दारात मास्तरांना कळलं की सकाळच्या गाण्याला तिकीट नाही. "फुकट? मग काही खरं नाही," असं म्हणून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले.

एक बाई गात होत्या. मला गाणं कळलं असं मी म्हणणार नाही. लोक मांडीवर हाताने ताल धरत होते, सुलट उलट, बोटं मोजत, सगळे एकदम. मीही धरायला गेलो, पण माझा हात दर वेळी शेजारच्या आजींच्या नंतर पडायचा. त्या न बघता माझ्या मनगटाला धरून एकदा नीट मारून द्यायच्या. शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर आठवीत गेलो असतो.

आणि मग ती चाल आली. कणकेतली. मी सरळ बसलो. बाई हळूहळू त्या जागेपर्यंत आल्या, जिथे आमच्याकडे थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. त्या थांबल्या नाहीत. पुढे गेल्या. पुढे बरंच होतं. वर चढून, फिरून, खाली उतरून ते परत पहिल्या ओळीशी आलं. इतकी वर्षं मला वाटायचं, गाणं तेवढंच आहे. मी मास्तरांचा दंड धरला. ते वैतागून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. ऐका."

त्यानंतर गाणं थांबलं आणि मृदंग एकटाच वाजायला लागला. लगेच निम्मा हॉल उठला आणि मागच्या दाराकडे निघाला. मास्तर उडालेच. "अहो, वाजवणारा समोर बसलाय! पुण्यात असं केलं असतं तर..."

"सर, वास आलाय."

खरंच आला होता. तूप, हिंग आणि भाजलेलं खोबरं. मामींनी सांगितलं होतं तसंच सगळं. आम्हीही उठलो.

मागे मांडवात लांब टेबलं, समोर केळीची पानं. पाणी शिंपडून पान पुसायचं. वाढपी पळत वाढत होते. मीठ, लोणचं, खोबरं घातलेली शेंगांची भाजी, वडा, एका कोपऱ्यात चमचाभर पायसम म्हणजे त्यांची खीर, आणि मधे भाताचा ढीग. सांबार भात झाला. मग रसम आलं. मी आपल्या आमटीसारखं सरळ ओतून घेतलं. ते भाताला वळसा घालून पानाच्या कडेवरून थेट माझ्या मांडीवर. उजवीकडे धोतरातले एक आजोबा बसले होते, कपाळाला भस्माचे पट्टे. त्यांनी आपल्या भातात बोटांनी खळगा करून दाखवला. विहीर करायची, त्यात रसम घ्यायचं, आणि विहीर फुटायच्या आत खायचं. मास्तर म्हणाले, "यात शास्त्र आहे." त्यांची विहीर दोनदा फुटली.

मी बसून जेवलो. सांबाराला दुसऱ्यांदा हो म्हटलं, ताकभातालाही. मग झालं. गाणं झालं, जेवण झालं, समुद्र काय, वाटेवरच होता. मी पानाची माझ्याकडची कड उचलली आणि पलीकडे दुमडली.

आजोबांनी "नो, नो!" म्हणत माझा हातच धरला. मास्तरांशी ते भराभर इंग्रजीत बोलले. मास्तरांचं तोंड उतरलं.

"काय म्हणतात?"

"काही नाही. त्यांची रीत आहे."

"काय रीत? सांगा की."

"पलीकडची कड आपल्याकडे आणायची म्हणतात. म्हणजे जेवण आवडलं, पुन्हा येणार. तुम्ही दुमडलंत तसं, पलीकडे, ते..." मास्तर पाणी प्यायले. "ते मयताच्या जेवणाला दुमडतात."

"मग त्यांना सांगा, बरोबर दुमडलंय."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. आठवडाभर एका खोलीत होतो, त्यांनी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

"सांगा, सर. बायको गेली. तिला इथे जेवायचं होतं. मी कावळ्यासमोर कबूल केलं होतं, ते पुरं केलं. आता झालं."

मास्तरांनी सांगितलं. कावळ्याला इंग्रजीत काय म्हणाले देव जाणे, पण आजोबांना कळलं. त्यांनी मान हलवली. मग माझ्या दुमडलेल्या पानाकडे बघून मास्तरांना काही तरी विचारलं.

"विचारतायत, तुमच्या मिसेसना पायसम आवडायचं का?"

"तिने कुठे खाल्लंय? पण गोड तिला चालायचं. चोरून खायची, साखर वाढली होती तरी."

आजोबांनी वाढप्याला हाक मारली. तो पातेलं घेऊन आला आणि माझ्यासमोर नुसता उभा राहिला. दुमडलेल्या पानावर वाढत नाहीत. मागे लोक जागेसाठी खोळंबलेले. आजोबा पानाकडे बोट दाखवून वाट बघत होते. मी पान उघडलं.

त्याने दोन पळ्या वाढल्या. शेवया, दूध, वर तुपात तळलेला काजू. पानावर ते पसरायला लागलं, त्यामुळे बोलत बसायला वेळ नव्हता. हाताने गोळा करून, चाटून खाल्लं. आपल्याकडे असं खाल्लं असतं तर बायकोने वाटी आदळली असती. मनात म्हटलं, तुझ्या वाटणीचं आहे, गप्प बस.

संपल्यावर आजोबांनी काही सांगितलं नाही. दुसरीकडे बघत बसले. मी पलीकडची कड धरली आणि पान माझ्याकडे दुमडलं.

बाहेर आलो तर मास्तरांनी घड्याळ पुढे केलं. समुद्रापर्यंत जाऊन परत यायला वेळच नव्हता. हॉटेलवर पोचलो तेव्हा बस सुरू होती आणि ताई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. मरीना डावीकडून गेला. माझ्या खिडकीला नेमकी साड्यांची पिशवी टांगलेली होती.

गाडीत बसल्यावर आचाऱ्याने पिठलं-भात बाहेर काढला. ताई पुडा घेऊन माझ्याकडे आल्या.

"मला नको."

"तरी म्हटलं होतं काका, बाहेरचं खाऊ नका! बिघडलं ना पोट?"

"नाही. भरलंय."

समोरच्या बर्थवर मास्तर माझा पुडाही घेऊन जेवत होते. पिठल्यात मीठ कमी आहे, असं सांगून झालं. मग म्हणाले, "समुद्र मात्र राहिला हो तुमचा."

"राहू द्या," मी म्हटलं. "पान आपल्याकडे दुमडलंय."