ताडाच्या पाकोळ्या आणि हवालदार

"वळू दे, मग बोल."

आमचे हवालदार हे म्हणत ते हात कपाळावर आडवा धरून, नजर आभाळात ठेवून. तळहातावरची तंबाखू तशीच मळायची राहिलेली. कुणी घाईनं काही सांगायला आलं, मग ते पाखराबद्दल असो नाहीतर शेजारच्या सुनेबद्दल, त्यांचं उत्तर हेच.

सरळ सांगतो, मला त्यांचा राग होता. आम्ही पत्रकं वाटून काठ्या खाल्ल्या, आणि हा माणूस ब्रह्मदेशात इंग्रजाच्या तोफेशेजारी उभा राहून आला! रहिमतपूरच्या भर बाजारात मी हे त्यांना तोंडावर सुनावलं. ते हसले. "आण तुजं पत्रक." उभ्याउभ्या वाचलं आणि उद्गारचिन्हांवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या काठ्या लय झाल्यात रं."

लढाई संपली आणि आम्ही दारूबंदीचं काम धरलं. गावच्या गायरानात एकच ताड होता. त्याला ताडीवाल्याची मडकी लागत आणि तिन्हीसांजेला निम्मं गाव बुंध्याशी लोळे. ताडच तोडायचा, आम्ही ठरवलं. कुऱ्हाडी घेऊन गेलो तर बुंध्याला पाठ लावून हवालदार बसलेले.

"वर पाकोळ्यांची पिल्लं हायत."

"देवळात काय कमी पाकोळ्या आहेत? या जातील तिकडं!"

"त्या न्हवंत ह्या. देवळातली ठेंगणी, आखूड शेपटीची. कंबरेवर पांढरा पट्टा. ही अंगानं बारीक, पट्टा न्हाई, शेपटीला चिमटा. हिचं घरटं ताडाच्या पानाला चिकटल्यालं. दगडाला ती डकवायची न्हाई. ताड गेला की ही गेली."

आम्ही वर बघितलं. तुम्ही असता तरी म्हणाला असता, सगळ्या सारख्याच काळ्या.

"कुठाय चिमटा?" मी ओरडलो.

"सरळ जाताना मिटून घेती. वळू दे, मग बोल."

एक वळली, आणि चिमटा उघडला. तरी मी कुऱ्हाड खाली ठेवली नाही. इथं संसार बुडताहेत आणि यांना पाखरांचं पडलंय!

हवालदार हळू बोलले. "तोफेवर माजं काम विमानं वळखायचं. आपलं का जपान्याचं. एक आलं उन्हातनं. वळायच्या आधीच मी वरडलो, दुश्मन! तोफ उडाली. आपलंच व्हतं."

"म्हणजे इंग्रजाचं. बरं झालं!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे. "आतला पोरगा तुज्याएवढा व्हता, गड्या."

मी कुऱ्हाड खाली टेकवली. मग आमच्यातल्या एकानं विचारलं, "आवं, पन ताडीचं काय?"

"ती मी बंद करतो."

त्यांनी रॉकेलचे डबे कापले, पत्रा बुंध्याभोवती पुरुषभर उंचीवर आवळला आणि वर एरंडेल चोपडलं. ताडीवाला चढला, घसरला, धोतर टरकलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"हवालदार, माज्या पोटावर पाय आणला तुमी!"

"उद्यापासनं माज्या उसाला पाणी पाज."

तो आला, आणि टिकला. माझ्या एवढ्या पत्रकांनी न झालेलं काम रॉकेलच्या डब्यांनी केलं, हे मला अजून डाचतं.

पुढं मी पत्रक छापायला देण्याआधी ताडाखालच्या त्यांच्या बाजेवर जाऊन वाचून दाखवू लागलो. "मामलेदाराला चोर म्हणतोस. नीट बघितलंस? वळलाय का त्यो?" मी चिडायचो, आणि घरी येऊन ते वाक्य खोडायचो.

गेल्या थंडीत मी सांगलीला सभेत होतो, तेव्हा हवालदार गेले. परतल्यावर मी थेट गायरानात गेलो. बाज बुंध्याला उभी करून ठेवलेली. पत्रा गंजलेला, पण घट्ट. देवळाच्या बाजूनं एक पाकोळी सरळ माझ्या दिशेनं आली. शेपटी मिटलेली. मी हात कपाळावर आडवा धरला आणि थांबलो.

ती वळली. चिमटा उघडला.

बोलायचं कुणाशी?