आबांनी शिवलेलं भोक

आमचे आबा, म्हणजे माझे थोरले काका, चोपडा गावात कुठलंही वाहन घ्यायला गेले की ते चालतं कसं हे विचारतच नसत. "थांबस कसं?" एवढाच प्रश्न. ट्रॅक्टरवाला इंजिनाचं कौतुक सांगून थकायचा आणि आबा ब्रेक दाबत बसायचे. गाव हसायचं, आबांच्या ते खिजगणतीतही नसायचं.

अशा माणसाकडे मी शिडाच्या बोटीतून अरबी समुद्र ओलांडायची परवानगी मागितली. त्यांच्या होकाराशिवाय आमच्या घरात पान हलत नसे.

"थांबस कशी?"

ब्रेक नसतो, मी सांगितलं. वादळात मागून आलेली लाट बोटीला ढकलते, बोट लाटेच्या उतारावरून सुसाट सुटते, आडवी होते आणि उलटते. म्हणून दोराला कापडी नरसाळं बांधून मागे पाण्यात सोडतात. ते बोटीला ओढून धरतं.

आबा ताडकन उठले. "म्हंजे घाटना उतारवर गाडीमांगे ओंडका बांधतस, तसंच शे!"

मग ते माझ्यापेक्षा जास्त त्यात शिरले. लांब दोरावर ओवलेली पुष्कळ छोटी नरसाळी घ्यावी की एकच मोठं, यावर आम्ही कडाकडा भांडलो. बोटीवर मी आणि माझी मैत्रीण दोघीच असणार, म्हणून परत ओढायला सोपं असं एकच ठरलं. ते घरी आलं आणि आबांनी लगेच ताब्यात घेतलं. होकार मात्र अजून दिला नव्हता.

तापीवर ओळखीच्या कोळ्याच्या इंजिनाच्या होडीला ते बांधून पाहिलं. दोर ताणला आणि होडी अशी अडली की मागून भसकन पाणी आत आलं. आबांचं धोतर चिंब. नरसाळं वर ओढलं, तर निमुळत्या शेपटाकडचं भोक दाभणानं पक्कं शिवलेलं!

"आबा, हे कुणी केलं?"

"मी. घरनी पोरले जाताना फाटेल वस्तू कशी देवानी?"

मी हसून हसून बेजार झाले. त्या भोकातून पाणी निघून जातं, म्हणूनच बोट अडकत नाही, हे त्यांना समजावलं. आबांनी निमूटपणे टाके उसवले. दुसऱ्या फेरीत होडी संथ आणि सरळ चालत राहिली. आबांनी ताणलेल्या दोरावर हात ठेवून पाहिला.

"म्हंजे हाई थांबाडाले नई, नीट चालाले शे," ते म्हणाले. "मंग जाय."

बंदरावर त्यांनीच कंबर कसली. बोटीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोर घेऊन ते नरसाळ्याच्या दोराला एकत्र जोडायचे असतात, म्हणजे बोट एका अंगाला वळत नाही. दोर घासेल तिथं आबांनी केळीच्या बागेतल्या पाइपाचे तुकडे चढवले. समुद्र ते पहिल्यांदाच पाहत होते, पण त्यांचं सगळं लक्ष दोरांवर होतं.

निघताना धक्क्यावरची गाठ सोडायला एक माणूस पुढे आला. आबांनी त्याला बाजूला सारलं. ते स्वतःच वाकून गाठ सोडू लागले. गाठ सुटली. मोकळं टोक माझ्याकडे फेकत ते ओरडले, "झेल, पोरी!"

मी झेललं.