होडीतली माणसं

चित्र पूर्ण झालं की आमचे चित्रकार कागद उलटा धरायचे. माणसाचं डोकं खाली, पाय वर. एक डोळा मिटून थोडा वेळ बघायचे आणि म्हणायचे, "पडत नाही. म्हणजे उभा आहे." त्यानंतरच ते पान माझ्या टेबलावर यायचं.

गिरगावात एका छापखान्याच्या माळ्यावर मुलांच्या मासिकाची आमची कचेरी होती. संपादक, मी आणि एक शिपाई, एवढाच कारभार. चित्रकथेतल्या पात्रांच्या तोंडातून जे फुगे निघतात ना, त्यांत अक्षरं लिहायचं काम माझ्याकडे होतं. चित्र त्या चित्रकारांचं, अक्षर माझं. आम्ही सगळे त्यांना 'आर्टिस्ट' म्हणायचो. त्यांच्या चाळीतही हेच नाव होतं, हे मला पुढे कळलं.

आर्टिस्ट कापडगिरणीत साचे, म्हणजे माग चालवायचे. पहिली पाळी सुटली की बस पकडून दुपारी कचेरीत यायचे, तेव्हा केसांवर कापसाचे तंतू तसेच असायचे. वय चाळिशीच्या आत, पण कचेरीत आले की साठीचे दिसायचे. संपादक त्यांना दारातच रुमाल द्यायचे आणि म्हणायचे, आधी तरुण व्हा, मग बसा.

त्यांची चित्रकथा महिन्याला दोन पानं असायची. एक म्हातारा तांडेल, त्याची होडी आणि माशांना घाबरणारं एक मांजर. मुलांची पत्रं यायची, की मांजर माशांना का घाबरतं? मीही एकदा विचारलं. आर्टिस्ट मालवणकडचे. शांतपणे म्हणाले, "त्याने मासे जिवंत बघितलेत, ताई. तुम्ही ताटातले बघता."

निघताना मात्र दरवेळी एकच बोलणं. "एक अख्खा दिवस मिळाला पाहिजे. मग दाखवतो काय ते." पाळी, बस, बाजार, यांतून त्यांच्या हाती दिवसाचा तुकडाच यायचा. एवढं मोठं पान त्या तुकड्यात कसं बसवत असतील, याचं मला नवल वाटायचं.

मग संप झाला. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आर्टिस्ट सकाळी अकरा वाजता कचेरीत हजर. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. त्यांचे केस काळेभोर आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. "दिवस मिळाले, ताई," ते म्हणाले, आणि लगेच ओशाळून इकडेतिकडे बघितलं. सगळं गिरणगाव गेटवर उभं असताना आपल्याला आनंद झालाय, याची त्यांना लाज वाटली असणार.

महिना-दोन महिन्यांत मिटेल, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. संपादकांनी त्यांना तांडेलाचं एक सबंध पुस्तक करायला सांगितलं, चौसष्ट पानांचं. आर्टिस्टांनी त्याच दिवशी कागद नेले.

पानं झरझर यायला लागली. इतकं सुंदर काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. पाण्याची एकेक लाट वेगळी, जाळ्याची गाठ न् गाठ दिसावी अशी. पण विसाव्या पानाच्या सुमारास होडीत एक नवा माणूस आला, टक्कल पडलेला, दात पुढे असलेला. पंचविसाव्या पानावर आणखी दोघं. कथेत त्यांचं काहीच काम नव्हतं. संपादक वैतागले आणि मला म्हणाले, काळाचौकीला त्यांच्या चाळीत जाऊन बघा तरी काय चाललंय.

मी गेले. चाळीच्या गॅलरीत आर्टिस्ट पाटावर कागद लावून बसले होते आणि भोवती गिरणीतल्या त्यांच्या खात्यातली सात-आठ माणसं. काम नाही, जायला जागा नाही, म्हणून दिवसभर चित्र बघत बसलेली. टकलू त्यातलाच एक. त्याने गमतीत म्हटलं होतं, मला घे की होडीत. घेतल्यावर बाकीचेही मागे लागले. मी तिथे असतानाच एकजण विचारत होता, माझा नंबर कधी रे? आर्टिस्ट त्याच्या नाकाकडे निरखून बघत होते.

आत त्यांची बायको मोठ्या पातेल्यात थोडासा भात शिजवत होती. गिरणीतल्या एकट्या माणसांची खाणावळ ती चालवायची. ती माणसं आता गावाला गेली होती, पातेली तेवढी राहिली होती. तिने मला चहा दिला आणि दाराकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "सगळ्यांका होडयेत घेतल्यानी. माका नाय."

मी ते हसण्यावारी नेलं. ती हसली नव्हती.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. संप मिटेना. पानं शंभराच्या वर गेली आणि होडीत आता बसायला जागा नव्हती. गॅलरीतली माणसं मात्र कमी होत होती. कुणी गावी जाऊन राहिलं, कुणी दादरला फुटपाथवर कंगवे विकायला लागलं. टकलू एका सकाळी छातीत दुखून गेला. कागदावर ती सगळी होती तशीच बसलेली होती.

संपादकांनी निरोप दिला की आता आवरा, शेवटच्या दोन पानांत होडी किनाऱ्याला लावा. निरोप मीच सांगितला. आर्टिस्ट बराच वेळ ब्रश धूत राहिले. म्हणाले, "संप मिटला की लावतो. आता लावली, तर ही माणसं उतरून जाणार कुठे?"

मग मी धीर करून त्यांच्या बायकोचं बोलणं त्यांच्या कानावर घातलं. निदान एका पानावर तरी वहिनींना काढा, म्हटलं. त्यांचा चेहरा पडला.

"तीन वेळा बसलो काढायला," ते म्हणाले. "जमत नाही. ती सकाळी प्रभादेवीला लोकांची भांडी घासायला जाते, ताई. हल्ली मी तिच्याकडे बघतच नाही. न बघता कसं काढणार?"

एवढं बोलून ते उठले. त्या दिवशी कागद उलटा धरलाच नाही.

ते पुस्तक निघालं नाही. पुढे मासिकही बंद पडलं. मुलं टीव्ही बघायला लागली होती आणि संपादक थकले होते. मला एका बँकेच्या जाहिरात विभागात नोकरी लागली. आर्टिस्टांच्या गिरणीने काही माणसं परत घेतली, त्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. बायको लहान लेकीला घेऊन गावी गेली, शाळेचं वर्ष तिकडेच काढू म्हणून, आणि ती तिकडेच राहिली. गिरणी उघडली तर आपण जवळ असावं, म्हणून आर्टिस्ट खोलीत थांबले. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. मी भेटायला गेले नाही. जाऊन काय बोलणार होते?

सात-आठ वर्षांनी ते भेटले. मी सिद्धिविनायकाहून येत होते. ते एका नव्या इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते, खाकी शर्ट, मांडीवर येणाऱ्याजाणाऱ्यांची वही. त्यांनीच मला ओळखलं. केस पांढरे झाले होते, आणि या वेळी रुमालाने पुसता येण्यासारखे नव्हते.

मी विचारलं, पानं आहेत का? नाहीत, म्हणाले. टकलू गेल्यावर त्याच्या घरी लावायला एक फोटोसुद्धा नव्हता. म्हणून होडीतला तो तेवढा कापून दिला. मग दुसरा गेला, त्याच्या घरचेही आले. जे गेले त्यांचे घरी दिले, जे मुंबई सोडून गेले त्यांच्या माणसांनी मागून नेले. "तीन घरांत हार घातलेत, ताई, माझ्या चित्रांना," ते म्हणाले. त्यात अभिमान नव्हता, तक्रारही नव्हती. उरलेली नुसती पाण्याची पानं त्यांनी रद्दीत घातली होती.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. ते धावत जाऊन फाटक उघडून उभे राहिले. गाडी आत गेल्यावर मला म्हणाले, निघा तुम्ही, सेक्रेटरी बघतायत.

घरी आल्यावर मी ट्रंक उपसली. मासिकाचे दोन जुने अंक सापडले, तांडेलाचे. पुढच्या मंगळवारी ते घेऊन गेले, तर खुर्चीवर दुसराच माणूस. त्याला काही माहीत नव्हतं. सोसायटीच्या कचेरीत म्हणाले, म्हातारा काम सोडून गेला, बहुतेक गावाला. काळाचौकीच्या खोलीला कुलूप होतं.

त्यांच्या गावचा पत्ता माझ्या जुन्या वहीत होता. अंक पाकिटात घातले, सोबत चार ओळी लिहिल्या आणि पोस्टात टाकले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पोस्टकार्डावर शाळकरी, टपोरं अक्षर होतं, त्यांच्या लेकीचं. पुस्तकं मिळाली, असं लिहिलं होतं. मांजराची गोष्ट आईला वाचून दाखवली. बाबा इकडे आलेले नाहीत. ते मुंबईलाच आहेत. तुम्हाला भेटले, तर आईची तब्येत आता बरी आहे म्हणून सांगा.