पातेल्यातलं की ताटातलं?

अमेरिकेत शॉमबर्गला राहायला जाऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ख्रिसमसचा दुसरा दिवस, बाहेर बर्फच बर्फ... आणि मी खालच्या मजल्यावरच्या डोरोथीबाईंवर भडकून घरी येऊन बसले होते.

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मूळच्या इंग्लंडच्या, एकट्या राहायच्या. बर्फावरून घसरून उजवा हात मोडला, प्लास्टर घातलेलं. मला व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, म्हणून रोज सकाळी खाली जाऊन त्यांचं थोडं काम करून द्यायची. पगारबिगार काही नाही, शेजारधर्म. मी सातवी पास. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, माझं त्यांना पाव... पण चाललं होतं आमचं.

त्या दिवशी त्यांनी फ्रिज उघडला. आदल्या दिवशी मुलगा, सून, नातवंडं जेवून गेलेली. उकडलेले बटाटे, कोबी, गाजरं, टर्कीचे तुकडे... डब्यावर डबा. मला म्हणाल्या, हे सगळं एकत्र कुस्कर आणि पॅनमध्ये तळ, आपण दोघी खाऊ. त्याला बबल अँड स्क्वीक म्हणतात म्हणे, तिकडे सणाच्या दुसऱ्या दिवशी हेच करतात.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "नो." आणि सरळ वर निघून आले.

का फिरलं, ते सांगते. माझी आजी लहान असताना सणाच्या दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन गावात दारोदार जायची, शिळंपाकं मागायला. तो आमच्या जातीचा हक्क होता म्हणे! कसला डोंबलाचा हक्क... वरून टाकायचे टोपलीत, हात लागू नये म्हणून.

मग एका वर्षी अख्ख्या वस्तीनं ठरवलं, आता बास. आजीच्या आईनं टोपली चुलीत घातली. त्या सणाला आजी उपाशी झोपली, पण गेली नाही. तेव्हापासून आमच्या घरात कायदा... दुसऱ्याच्या सणाचं उरलेलं तोंडात घालायचं नाही. लग्नात आईनं मला सोनं दिलं नाही, एवढं मात्र सांगून पाठवलं.

आणि मी इतक्या लांब येऊन काय करायचं? गोऱ्या बाईच्या सणाचं शिळं खायचं?

नवरा घरीच होता. म्हणाला, "अगं, तुला काय कुणी टोपलीत टाकलं का? टेबलावर बस म्हणतायत ना त्या?" म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

पण बारा वाजले तसं मलाच चैन पडेना. एक हात मोडलेली म्हातारी, काय खाल्लं असेल... गेले परत खाली.

बघते तर बाई डाव्या हातानं बटाटा कुस्करतायत. बटाटा ओट्यावर पळतोय आणि बाई काटा घेऊन त्याच्या मागे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रागावलेल्या होत्या, आणि भुकेल्याही.

मला मनात ठेवून बसता येत नाही. एक ताट घेतलं, एक पातेलं घेतलं, दोन्ही त्यांच्यासमोर आपटलं. विचारलं, "धिस फूड... फ्रॉम धिस ऑर फ्रॉम धिस?"

बाई बघतच राहिल्या. मग कळलं, आणि अशा काही चिडल्या! "फ्रॉम द पॉट! ऑफ कोर्स फ्रॉम द पॉट!" ताटातलं उरलेलं कालच कचऱ्यात गेलं होतं. हे त्यांनी वाढायच्या आधीच बाजूला काढून ठेवलेलं, आम्हा दोघींसाठी. मुलगा डबा भरून घरी नेत होता, त्यालाही हात लावू दिला नव्हता.

मी बाह्या वर केल्या.

पॅनमध्ये बटर टाकलं, सगळं कुस्करून थापलं. चुर्र आवाज सुटला. मिरची घालायला हात शिवशिवत होता, पण नाही घातली. दोन मिनिटांत उलटायला गेले तर बाई ओरडल्या, "लीव्ह इट अलोन!" मला थांबायची सवय नाही, मी भाकरीसुद्धा घाईनं उलटते... तरी उलटलंच. झाला चुरा.

बाई म्हणाल्या, "आय टोल्ड यू." मग परत दाबून थापलं आणि हात मागे बांधून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. कडा लालसर झाल्या, खमंग वास सुटला. वर ताट पालथं घातलं, पॅन धरला आणि एका झटक्यात उलटलं... अख्खं! एक कण तुटला नाही. बाईंनी प्लास्टरच्या हातानं टेबल वाजवलं.

बाईंनी डाव्या हातानं वाढलं. पहिलं ताट माझं, कुरकुरीत कड त्यातच घातली. मी घास घेईपर्यंत स्वतः काटा उचलला नाही.

संध्याकाळी नागपूरला फोन लावला, तिकडे सकाळ होती. शेजारच्यांनी आईला बोलावून आणलं. भीत भीत सगळं सांगितलं. आईनं विचारलं, "ताट आधी कोणाचं वाढलं?"

म्हटलं, माझं.

"कुठं बसून खाल्लं?"

म्हटलं, टेबलावर, त्यांच्या शेजारी.

मग आई हळूच म्हणाली, "मीठ नीट पडलं होतं का गं?"

बाई आता नाहीत, आईही नाही. बबल अँड स्क्वीक मी अजून करते, आणि अजून अख्खं उलटते. पण त्या टेबलावर मी मान वर करून बसले, ते माझं एकटीचं काम नव्हतं... एका बाईनं टोपली चुलीत घातली होती, म्हणून बसता आलं.